फोटोवर नाव टाकू, सालही टाकू! (आपल्या फोटोवर वॉटरमार्क कसा टाकावा?)



शाळेत आपण रोज फोटो काढतो. परिपाठ, वृक्षारोपण, बालआनंद मेळावा, सहल, स्नेहसंमेलन. काढतो आणि लगेच गटावर टाकतो. त्या फोटोवर आपली खूण कशी टाकायची, हे आज शिकूया. काम सोपे आहे, अर्ध्या तासात जमते. पण हे शिकायची वेळ माझ्यावर का आली, ते आधी सांगतो.

एका मातीच्या नागाची गोष्ट

आमची शाळा शिराळा तालुक्यातली. बत्तीस शिराळा म्हटले की नागपंचमी आलीच. पूर्वी इथे या दिवशी जिवंत नागांची पूजा होई, मिरवणूक निघे. नाग पकडणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणूक बंद झाली आणि प्रतिमेची पूजा सुरू झाली. आम्हीही शाळेत मातीचे नाग करू लागलो.

२०१८ साली नागपंचमी नेमकी १५ ऑगस्टला आली होती. आदल्या दिवशी सहावीच्या मुलांनी ओढ्याकाठची माती आणून नाग केले. फणा काढलेले, फण्यावर दहाचा आकडा कोरलेले, काजळीने रंगवलेले. एका मुलाचा नाग तर इतका हुबेहूब झाला की बाईंनी दोन पावले मागे घेतली! त्या मुलाने नाग हातात धरला, मी फोटो काढला आणि पालकांच्या गटावर टाकला. नाव नाही, तारीख नाही, नुसता फोटो.

पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट २०१९ ला, सोमवारी नागपंचमी होती. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता, वारणा फुगलेली. रात्री नऊच्या सुमारास त्या मुलाच्या आईचा फोन आला.

"गुरुजी, फोटोतलं पोरगं आमचंच हाय की ओ. आता वनखात्याची माणसं दारात येतील काय?"

मला काही कळेना. तिने फोटो पाठवला तेव्हा उलगडा झाला. तो आपलाच, वर्षापूर्वीचा फोटो. कुणीतरी वर ओळ जोडली होती, 'शिराळ्यात आजही मुलांच्या हातात जिवंत नाग!' या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरून फोटो इतका पुसट झाला होता की मातीचा खडबडीतपणा कुठल्या कुठे गेला होता. मी स्वतः तो केलेला पाहिला नसता, तर मलाही नाग जिवंतच वाटला असता.

बरे झाले, मूळ फोटो संगणकावर होते. काढल्याची तारीख त्यात दिसत होती. त्याच नागाचा ओला गोळा, अर्धी फणी, रंगवण्याआधीचे रूप असे चार फोटोही होते. ते पाठवल्यावर घरच्यांच्या जिवात जीव आला. पण तो फोटो ज्या ज्या गटांवर गेला, तिथे माझा खुलासा थोडाच पोचणार होता? खुलासा फोटोच्या अंगावरच असायला हवा होता. चूक माझीच होती. फोटोच्या कोपऱ्यात 'मातीचा नाग, १४ ऑगस्ट २०१८' एवढे जरी असते, तरी त्या आईची ती रात्र वाचली असती.

वॉटरमार्क म्हणजे काय?

याला मराठीत जलचिन्ह म्हणतात. शब्द कागदाच्या धंद्यातून आला. तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानो गावचे कागद करणारे लोक साच्याच्या जाळीवर तारेची नक्षी बसवत. ओला लगदा त्या तारेवर थोडा पातळ बसे. कागद वाळल्यावर उजेडात धरला की ती नक्षी दिसे आणि कागद कुणाचा ते कळे. वर्गात हे दाखवायचे असेल तर नोट उजेडासमोर धरा. कोऱ्या भागात गांधीजींचा चेहरा दिसतो, ते जलचिन्हच.

पण मुलांना समजावताना मी स्वयंपाकघरातले उदाहरण देतो. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात ना? लग्नातल्या तांब्यावर आहेर कुणाचा, ते आणि बऱ्याचदा तारीखही कोरलेली असते. नाव घातले म्हणून भांडे चोरीला जात नाही असे नाही. पण गावजेवणाला दहा घरची पातेली एकत्र आली, घासून पालथी घातली, तरी ज्याचे त्याच्या घरी परत जाते. वॉटरमार्कचे काम तेवढेच. तो फोटोचे कुलूप नाही, फोटोचा पत्ता आहे.

जुन्या स्टुडिओंनाही हे माहीत होते. आजोबांच्या काळचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो घरात असेल तर खालचा कोपरा बघा, स्टुडिओचे नाव उठवलेले असते. मागे शाईने कुणीतरी साल लिहिलेले असते. डिजिटल फोटोला मागची बाजूच नाही. म्हणून जे मागे लिहायचो, ते आता पुढेच लिहायला हवे.

खुणेत काय लिहावे?

बहुतेक जण नुसते आपले नाव टाकतात. माझे म्हणणे आहे की तीन प्रश्नांची उत्तरे तिथे हवीत: काय, कधी आणि कुणाचे.

१. काय: 'मातीचे नाग', 'पूर, वारणाकाठ', 'विज्ञान प्रदर्शन'. दोन-तीन शब्द पुरेत.

२. कधी: निदान साल, जमल्यास पूर्ण तारीख. सांगलीत कृष्णेला पाणी वाढले की आयर्विन पुलाचे फोटो फिरू लागतात. त्यातला आजचा कुठला आणि २०१९ चा कुठला, हे नुसते बघून सांगता येत नाही. घाबरलेली माणसे जुन्या फोटोवरून आजचे निर्णय घेतात. तारीख असेल तर ही गडबड टळते.

३. कुणाचे: फोटो काढणाऱ्याचे नाव किंवा शाळेचे नाव.

या तिसऱ्या मुद्द्यावर मीही एक धडा शिकलो. त्या प्रसंगानंतर मी उत्साहाने सगळ्या फोटोंवर माझे नाव टाकले, चांगल्या ठळक अक्षरांत. वर्गात दाखवले तर मागून एक आवाज आला, "गुरुजी, नाग तर आमी केलाय, मग नाव तुमचंच का वो?" बरोबरच होते त्याचे. फोटो माझा, पण नाग त्यांचा. तेव्हापासून मुलांच्या हस्तकलेच्या फोटोवर मी आधी 'कलाकृती : इयत्ता सहावी' लिहितो आणि मग 'छायाचित्र' म्हणून माझे नाव.

आणि काय लिहू नये? मुलाचा चेहरा दिसत असेल तर त्याचे पूर्ण नाव, इयत्ता, गाव असे सगळे एकत्र कधीही लिहू नका. अनोळखी माणसाच्या हाती ती माहिती आयती जाते. चेहरा असेल तर नाव नको, नाव असेल तर फक्त हातातली वस्तू दाखवा. मुलांचे फोटो बाहेर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असे म्हटले आहे. मोबाइल नंबरही फोटोवर नको. फोटो कुठवर जाईल, सांगता येत नाही.

संगणकावर कृती: गिम्प वापरून

गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फोटोशॉपसारखीच बरीचशी कामे यात होतात आणि शाळेला परवान्याचा खर्च येत नाही.

पायरी १. मूळ फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. फोल्डरला 'मूळ' असे नाव द्या. त्याला हात लावायचा नाही. खूण टाकायची ती कॉपीवर.

पायरी २. गिम्प उघडा. 'फाइल' मेनूतून 'ओपन' निवडून कॉपी केलेला फोटो घ्या.

पायरी ३. डावीकडच्या साधनांतून 'टेक्स्ट' (मोठ्या ए अक्षराचे चित्र) निवडा. फोटोवर क्लिक करून मजकूर टाइप करा. फॉन्ट युनिकोड हवा. मुक्ता किंवा बालू हे मोफत फॉन्ट ठळक आणि स्वच्छ दिसतात. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरले तर अक्षरांचा कचरा दिसतो.

पायरी ४. अक्षराचा आकार ठरवा. माझा अंदाज असा, फोटोच्या उंचीचा साधारण तिसावा भाग. म्हणजे फोटो ३००० पिक्सेल उंच असेल तर अक्षर १०० पिक्सेल. रंग पांढरा ठेवा.

पायरी ५. 'लेयर्स' नावाच्या चौकटीत बघा. फोटोचा एक थर आणि त्यावर अक्षरांचा दुसरा थर दिसेल. मुलांना सांगताना काचेचे उदाहरण द्या. फोटोवर काच ठेवली आणि काचेवर लिहिले, तर खालच्या फोटोला धक्का लागत नाही. अक्षरांचा थर निवडून 'ओपॅसिटी' शंभरवरून साठच्या आसपास आणा. अक्षरे फिकट, आरपार दिसू लागतील.

पायरी ६. पांढऱ्या गणवेशावर पांढरी अक्षरे हरवतात. त्यासाठी 'फिल्टर्स' मेनूत 'लाइट अँड शॅडो' आणि त्यात 'ड्रॉप शॅडो' घ्या. अक्षरांना बारीक काळी सावली येते. मग ती उजेडातही वाचता येतात आणि अंधारातही.

पायरी ७. 'मूव्ह' साधनाने अक्षरे योग्य जागी सरकवा.

पायरी ८. 'फाइल' मेनूतून 'एक्सपोर्ट ॲज' निवडा, नवे नाव द्या, शेवटी जेपीजी लिहा. क्वालिटी नव्वद ठेवा. नुसते 'सेव्ह' केले तर गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते, ती मोबाइलवर उघडत नाही. नवशिक्या माणसाची गाडी इथेच अडते, माझीही अडली होती.

फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. कृती हीच आहे, पण काही आवृत्त्यांत मराठी जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते. तेव्हा 'प्रेफरन्सेस'मधल्या 'टाइप' भागात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा 'वर्ल्ड-रेडी' असा पर्याय असतो, तो निवडा. फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि नव्याने टाइप करा.

एकदाच शिक्का करा, पुन्हा पुन्हा वापरा

दरवेळी टाइप करायचा कंटाळा येतो. म्हणून शाळेच्या नावाचा शिक्का करून ठेवा. गिम्पमध्ये 'फाइल', 'न्यू' घ्या, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा आणि 'फिल विथ' मध्ये 'ट्रान्सपरन्सी' निवडा. चौकटी-चौकटींची पार्श्वभूमी दिसेल, म्हणजे काच कोरी आहे. त्यावर नाव लिहा, सावली द्या आणि पीएनजी म्हणून एक्सपोर्ट करा. जेपीजी केलीत तर काच जाऊन तिथे एकरंगी ठोकळा येईल.

पुढच्या वेळी फोटो उघडला की 'फाइल' मेनूतून 'ओपन ॲज लेयर्स' करून हा शिक्का त्यावर ठेवायचा. मोठा वाटला तर 'स्केल' साधनाने लहान करायचा. कार्यक्रमाचे नाव आणि तारीख मात्र प्रत्येक वेळी नवी लिहा.

सहलीचे दोनशे फोटो असतील तर? तेव्हा इरफानव्ह्यू हा छोटा प्रोग्राम उपयोगी पडतो. 'फाइल' मेनूत 'बॅच कन्व्हर्जन', त्यात 'ॲडव्हान्स्ड' आणि तिथे 'वॉटरमार्क इमेज' असा पर्याय आहे. त्या सहलीचा नाव-तारखेसह शिक्का करून द्या, कोपरा निवडा, फोटो साठवण्यासाठी वेगळे फोल्डर द्या आणि सुरू करा. चहा होईस्तोवर सगळे फोटो तयार. आधी दोन फोटोंवर करून पाहा, मगच सगळ्यांवर.

मोबाइलवर

संगणक नसेल तरी अडत नाही. पिक्सलॅब आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असतेच, त्यावर आपण अभिनंदनाचे बॅनर करतो. त्यातच फोटो घ्या, मजकूर लिहा, 'ओपॅसिटी' कमी करा, सावली द्या आणि गॅलरीत साठवा. स्नॅपसीडमध्येही 'टेक्स्ट' साधनाने हे होते.

तयार झाल्यावर एक परीक्षा घ्या. फोटो स्वतःच्याच दुसऱ्या मोबाइलवर व्हॉट्सॲपने पाठवा आणि तिथे उघडून बघा. पाठवताना फोटो लहान होतो. त्यानंतरही तारीख वाचता आली तर खूण पास, नाही तर अक्षरे मोठी करा.

खूण कुठे टाकावी?

अगदी कडेला टाकली तर कुणीही दोन सेकंदांत कापून टाकते. मधोमध टाकली तर फोटो विद्रूप होतो. मुलांच्या तोंडावर शाळेचे नाव बघायला कुणाला आवडेल? मधला मार्ग असा, खूण मुख्य वस्तूला टेकून ठेवा. आमच्या नागाच्या फोटोत मी ती नागाच्या वेटोळ्याच्या अगदी खाली टाकतो. ती कापायची तर नागही थोडा कापला जातो.

वॉटरमार्क काय करू शकत नाही?

हेही सांगायला हवे. आजकाल खूण पुसणारी साधने सहज मिळतात. ज्याला मुद्दाम चोरायचे आहे, त्याला वॉटरमार्क अडवत नाही. म्हणून मूळ फोटो जपणे सर्वांत महत्त्वाचे. मूळ फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', त्यात 'डिटेल्स' उघडा. काढल्याची तारीख, मोबाइलचे मॉडेल आणि लोकेशन सुरू असेल तर जागाही दिसते. तिथेच 'ऑथर्स' आणि 'कॉपीराइट' असे रकाने असतात, त्यांत नाव भरता येते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर बरोबर जाते. मुलांचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवताना त्यात जागेची नोंद नाही ना, ते आधी बघा.

कायदा आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि फोटो काढणारा तिचा कर्ता. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोकरीचा भाग म्हणून किंवा पैसे घेऊन काढलेल्या फोटोच्या मालकीचे नियम मात्र वेगळे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कर्त्याची ओळख सांगणारी माहिती विनापरवाना, जाणूनबुजून काढून टाकणे किंवा बदलणे हाही गुन्हा ठरतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

आता जरा आपल्याकडेही बघूया. इंटरनेटवरून दुसऱ्याचे चित्र घ्यायचे, त्याचे नाव कापायचे, आपले नाव टाकायचे आणि शैक्षणिक साहित्य म्हणून पुढे ढकलायचे, हे आपल्या शिक्षकांच्या गटांत होत नाही का? होते. दुसऱ्याच्या पातेल्यावर आपले नाव कोरण्यातलाच हा प्रकार. चित्र वापरायचे तर परवानगी घ्यावी, मूळ नाव राहू द्यावे. मुले आपल्याकडे बघूनच शिकतात.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता सहावी ते आठवी)

१. घरातून नाव कोरलेले एक भांडे आणि एक जुना फोटो आणायला सांगा. भांड्यावर आणि फोटोच्या मागे काय लिहिले आहे, ते वहीत उतरवा. कुणाचे, कधीचे, कशासाठी, हे घरी विचारून या.

२. नाव-तारीख नसलेला एक साधा फोटो, उदाहरणार्थ भरून वाहणारी मोरणा नदी, फळ्यावर दाखवा. प्रत्येक गटाने त्याला वेगळी ओळ लिहावी. एकाच फोटोच्या पाच वेगळ्या बातम्या तयार होतात! मग त्यावर खरी तारीख आणि ठिकाण टाका. किती ओळी टिकल्या, ते मोजा.

३. प्रत्येक गटाने आपल्या हस्तकलेचा एक फोटो काढून त्यावर काय, कधी, कुणाचे अशी खूण टाकावी. 'कुणाचे' मध्ये कुणाकुणाची नावे यावीत, यावर गटात चर्चा करावी. ही चर्चा चुकवू नका, सगळ्यात मजा इथेच येते.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने मोबाइलमधला तोच फोटो दाखवला. कोपऱ्यात त्याने स्वतः लिहिले होते, 'मातीचा नाग, १४ ऑगस्ट २०१८'. खाली त्याचे नाव आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरांत, 'फोटो : गुरुजी'.

आज घरी गेल्यावर गॅलरीतले आपल्या आवडीचे पाच फोटो काढा आणि निदान त्यांच्यावर तरी साल टाका. ते साल आज आपल्या लक्षात आहे, दहा वर्षांनी असेलच असे नाही.